प्रश्न चौथा : नवऱ्याचे नाव

गिरगावात आमच्या चाळीत मला अजून ‘मुक्यांचे डॉक्टर’ म्हणतात. यात दोन चुका आहेत. मी डॉक्टर नव्हतो आणि माझे रोगी मुके नव्हते. मी हॉस्पिटल असिस्टंट, म्हणजे काम सगळे करायचे आणि नाव साहेबाचे व्हायचे, अशा जातीतला प्राणी. संपादकांनी ‘आपल्या नोकरीतल्या गमती लिहा’ म्हणून निरोप धाडला तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माणसाला पाणी मागता येते की नाही हे बघण्यात ज्याचा जन्म गेला, त्याने गमती कुठून आणायच्या? मग आठवायला बसलो तर गमतीच जास्त निघाल्या. त्याला माझा इलाज नाही.

प्लेग मुंबईत यायच्या आधीची ही गोष्ट. परळला एका शेठजींनी आपला जुना बंगला रोग्यांसाठी मोकळा करून दिला होता. मोठ्या इस्पितळात जीव वाचला, पण घरी धाडण्याजोगा अजून झाला नाही, असा माणूस आमच्याकडे येई. कोणाला अर्धांगवायू झालेला, कोणाच्या डोक्याला मार बसलेला. हळूहळू पाय चालू लागत, हात वर होई, पण वाचा बसलेली ती बसलेलीच. लालबागचे लोक त्या जागेला सरळ मुक्यांचा बंगला म्हणत, आणि तिथून जाताना उगीचच हळू बोलत.

माझे काम एवढेच, की हा माणूस घरी गेला तर चार माणसांत निभावेल का, ते पाहायचे. तहान लागली तर सांगेल का, ‘नको’ म्हणेल का, दुसऱ्याने सांगितलेले त्याच्या ध्यानात येते का. हे बघायला आमच्याकडे एक कागद होता. त्यावर आमच्या इंग्रज डॉक्टर साहेबांनी विलायतेहून आणलेले दहा प्रश्न, आणि त्यांचा मराठी तर्जुमा मी केलेला. तुमचे नाव काय, आज वार कोणता, राणीसरकारचे नाव काय, असे ते सुरू होत. चौथा प्रश्न पुरुषांना बायकोचे नाव आणि बायकांना नवऱ्याचे नाव. पुढे नाक दाखवा, किल्ली पुढे धरली की तिला काय म्हणतात ते सांगा, मी म्हणतो ते वाक्य माझ्या मागून म्हणा, वगैरे. शनिवारी कमिटी बसे. साहेब, शेठजी आणि गिरगावातले एक पेन्शनर मुन्सफ रावसाहेब, असे तिघे. रोग्याला पुढे उभे करायचे, मी प्रश्न वाचायचे, आणि तिघांनी त्याचे नशीब ठरवायचे.

तर्जुमा झाला तेव्हा मी तो कागद घरी बायकोवर चालवून पाहिला होता. राणीचे नाव तिने बिनचूक सांगितले. चौथ्या प्रश्नाला तिने लाटणे थांबवून माझ्याकडे पाहिले. “स्वतःचं नाव विसरायला झालंय का?” म्हणाली आणि पुन्हा पोळी लाटू लागली. म्हणजे आमच्या कागदाप्रमाणे माझी बायको आपला नवरा साफ विसरली होती. मी साहेबांना सांगितले की आमच्या बायका नवऱ्याचे नाव घेत नाहीत, मेल्या तरी घेणार नाहीत. साहेब म्हणाले, “प्रश्न शास्त्रीय आहे.” झाले. शास्त्रापुढे आपण काय बोलणार?

बाहेरच्यांना वाटते की बोलणे म्हणजे जीभ. जीभ हलली की माणूस बोलला. या धंद्यात पडल्यावर पहिल्याच वर्षी माझा हा भ्रम गेला. लालबागच्या एका गिरणीतले दोन साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे, आमच्याकडे होते. एकाला धोटा उडून डोक्याला लागलेला, दुसऱ्याला अर्धांगवायू. दोघांनाही दहातले तीन प्रश्न धड येत नव्हते. आणि दुपारी बघावे तर दालनाच्या या टोकाहून त्या टोकाला दोघांचे ओठ आणि बोटे चाललेली, मधेच खदखदा हसणे. साच्यांच्या खडखडाटात कानाचा उपयोग नसतो, म्हणून जन्मभर ते असेच बोलत आलेले. साहेबांना वाटले दोघांना वेड लागले. मला पुढे कळले की ते साहेबांच्या टोपीविषयी बोलत होते.

दुसरे एक होते हेडक्लार्क. मुंबईच्या जुन्या घराण्यातले, पिढ्यान्पिढ्या कचेरीत खर्डेघाशी केलेली. दुखण्यातून उठले तेव्हा त्यांच्या तोंडात फक्त दोन शब्द उरले होते, “उद्या या.” भूक लागली की “उद्या या.” राग आला की “उद्या या!” बायको भेटायला आली की डोळ्यांत पाणी आणून “उद्या या.” पण हेल असा अचूक की अर्थ कळे. कमिटीने त्यांना निभावेल म्हणून सोडले. पुढे ते कचेरीत जाऊन आपल्या जागेवर बसले, आणि पेन्शनीत निघेपर्यंत त्यांच्यात काही फरक पडला आहे असे लोकांपैकी कोणाच्या लक्षात आले नाही. मी हे थट्टेने सांगतो, पण तो माणूस आपल्या दोन शब्दांवर संसार करून गेला, याचे मला अजून कौतुक वाटते.

आता चांगुणाचे सांगतो. खरे म्हणजे हे लिहायला बसलो ते तिच्यासाठीच.

चांगुणा वरळीची कोळीण. परळच्या नाक्यावर तिची मासळी विकायची जागा होती. एका सकाळी घरात सुनेशी तिचे कडाक्याचे भांडण झाले. कारण काय, तर कालवणात मीठ. सून यमुना माहीमची, नवीन आलेली, तिने उलट उत्तर दिले. चांगुणा रागाने पाटी डोक्यावर घेऊन जी निघाली ती नाक्यावर बसल्या बसल्याच कलंडली. उजवे अंग गेले आणि वाचा बसली. काही महिन्यांनी पाय ओढत चालू लागली तेव्हा मोठ्या इस्पितळाने तिला आमच्याकडे पाठवली.

तोंडातून एक शब्द नाही. मी किल्ली दाखवली तर ती तोंड उघडे, ओठ जुळवी, घाम फुटेपर्यंत खटपट करी, आणि शेवटी कपाळावर हात मारून घेई. पण बंगल्यात आल्यापासून आठ दिवसांत सगळे दालन तिच्या हुकमतीखाली. कोणाची चादर मळली, कोणाला पेज मिळाली नाही, स्वयंपाकी मासळी शिळी आणतो, हे सगळे ती भुवया आणि डाव्या हाताच्या जोरावर सांगे. स्वयंपाकी तर तिला पाहिले की मागल्या दाराने जाई. तिचा नवरा हिराजी रोज दुपारी येऊन पायऱ्यांवर बसायचा. दर्यावर वादळाला न भिणारा हा उंचापुरा माणूस आमच्या दारावरच्या भय्याला घाबरे. “साहेब, कदी सोरता तिला?” एवढेच विचारी, आणि जाताना सुकटीची पुरचुंडी ठेवून जाई. ती मी नको म्हणत घरी नेत असे.

शनिवारी तिला कमिटीपुढे उभी केली. नाव सांगता आले नाही. वार नाही, राणी नाही. चौथा प्रश्न वाचला तेव्हा मात्र तिने नेहमीची खटपट केली नाही. पदर डोक्यावर ओढला, मान खाली घातली आणि ठामपणे नकार दिला.

साहेबांनी पुढचे प्रश्न थांबवून टिपले, “नवरा आठवत नाही.”

मी म्हटले, “रावसाहेब, ही लाजली आहे. आपल्याकडे कोण बाई नवऱ्याचे नाव घेईल?”

रावसाहेबांच्या घरी चाळीस वर्षांच्या संसारात त्यांचे नाव एकदा तरी कोणी उच्चारले असेल तर मी मिशी काढीन. पण ते गंभीरपणे म्हणाले, “ते घरी. इथे ती रोगी आहे.”

साहेबांचे म्हणणे स्पष्ट होते. स्वतःचे नाव नाही, वार नाही, नवरा नाही. ही नुसती वाचा गेलेली नाही, समजच गेलेली आहे. अशा माणसाला घरी सोडणे धोक्याचे. पुढच्या शनिवारपर्यंत सुधारणा नसेल तर वेड्यांच्या इस्पितळात पाठवावी. हे सगळे इंग्रजीत चालले होते, पण चांगुणा साहेबांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती, आणि तिचा चेहरा उतरत गेला. समज गेलेली बाई ती! बाहेर येऊन तिने माझी बाही धरली आणि पायऱ्यांवर बसलेल्या हिराजीकडे बोट दाखवले, मग स्वतःकडे, मग वरळीच्या दिशेला. मला घरी जाऊ दे, यापेक्षा स्वच्छ मराठी मी आजवर ऐकलेले नाही.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा तोंड उघडले. या वेळी रावसाहेबांना बहुधा घरूनच कोणी चार शब्द ऐकवले असावेत, कारण मी काही म्हणायच्या आत तेच म्हणाले, “नुसतं नाव नको. उखाण्यात घेऊ दे तिला. लग्नात घेतला असेल की.”

मी चांगुणाला म्हटले, “बाय, उखाणा घे.” आणि लग्नघरात बायका लावतात तसा नुसता हेल लावून दाखवला.

तिने साहेबांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. आणि एकदम, जसा नळ फुटावा तसा, खणखणीत आवाज आला:

“वारा सुटला तुफान, डोलते होरी माझी,
शिराची दोरी धरून उभे हिराजी!”

शेठजी खुर्चीतून उठले. रावसाहेबांनी टाळी वाजवली. बाहेर पायऱ्यांवर काहीतरी धप्पकन पडल्याचा आवाज झाला; तो हिराजी होता. सगळ्यांत दचकली ती चांगुणाच. हा आवाज कोणाचा, म्हणून ती आपल्याच मागे वळून पाहू लागली.

साहेबांनी मला अर्थ विचारला. मी सांगितला. वादळ, होडी, आणि शिडाची दोरी धरलेला नवरा. साहेब म्हणाले, “उत्तम! नवऱ्याचे नाव तर सांगितलेच, त्याच्या धंद्याचेही वर्णन केले.” मग त्यांनी लगेच किल्ली पुढे केली. चांगुणाने तोंड उघडले, ओठ जुळवले, घाम फुटला, आणि काही नाही. साहेबांच्या कपाळाला आठी पडली.

मी समजावायचा प्रयत्न केला. पाठ केलेले, गाण्याच्या चालीवर बसलेले, ते अशा दुखण्यात पुष्कळदा राहते. मेंदूत त्याचा खण निराळा आणि बोलण्याचा निराळा. आरती म्हणणारे पण पाणी मागता न येणारे रोगी मी पाहिले होते. “साहेब, तिला पाणीसुद्धा मागता येत नाही,” मी म्हटले.

“मग तिला पाणी नको असेल,” साहेब म्हणाले.

निकाल झाला : वाचा शाबूत, स्वभाव हट्टी. रावसाहेबांनी स्वतः बाहेर येऊन हिराजीला समजावून सांगितले की बाईला बोलता येते, बोलायचे नाही म्हणून बोलत नाही, घरी नेऊन थोडा धाक दाखवावा. कोळणीला कोळ्याने धाक दाखवायचा सल्ला देणारा माणूस मुन्सफ कसा झाला असेल, देव जाणे. मीही पुढे ताणले नाही. वेड्यांच्या इस्पितळापेक्षा हट्टी स्वभाव परवडला. चांगुणा घरी चालली होती, आणि ती पाय ओढत, मागे न बघता गेली. स्वयंपाकी त्या दिवशी मोठ्याने गात होता.

मला वाटले, चला, या प्रकरणात तरी आपला कागद उताणा पडून माणसाचे भले झाले. कसले भले!

नारळीपौर्णिमा होऊन गेल्यावर हिराजी बंगल्यावर आला. पायऱ्यांवर बसला, पण सुकटीची पुरचुंडी नव्हती. म्हणाला, “साहेब, माजा घर मोरतंय. तुमी चला.”

झाले होते असे. चांगुणा घरी गेली आणि ‘वाचा शाबूत’ हा निकाल तिच्या पुढे धावत वरळीला पोचला. साहेबापुढे मालकाचे नाव घेतले, तेही खणखणीत, हे सगळ्या कोळीवाड्याला ठाऊक. आणि घरात सुनेशी एक शब्द नाही. मग लोकांनी काय समजावे? सासूने अबोला धरला आहे. मिठावरून झालेले ते भांडण तिने मनात ठेवले आहे. यमुनेने पाया पडून पाहिले, नवस बोलून पाहिला. मग चिडून तीही हट्टाला पेटली : आये बोलल्याशिवाय मी तिला पाणी द्यायची नाही. आणि आता ती, मधल्या काळात झालेल्या तान्ह्याला घेऊन, माहीमला माहेरी चालली होती, कायमची. मुलगा लखमा मधल्या मध्ये तोंड लपवून होडीवरच झोपायला लागला होता.

मी हिराजीबरोबर निघालो. नाक्यावर चांगुणा आपल्या जागेवर बसलेली दिसली. पाटी आता हिराजी स्वतःच्या डोक्यावरून आणून देत असे. बाप्ये हसतात, म्हणाला, हसू देत. आम्ही जरा लांब थांबून पाहिले. एका गिऱ्हाइकाने पापलेट उचलून भाव पाडून मागितला. चांगुणाने मासा त्याच्या हातातून काढून घेतला, त्याच्या नाकासमोर कल्ले उघडून दाखवले, पाटीत ठेवला आणि तोंड फिरवले. गिऱ्हाईक दोन पावले गेले, परत आले, आणि तिच्या बोटांनी म्हटले तोच भाव देऊन मासा घेऊन गेले. ही बाई बोलत नाही असे त्याच्या मनातही आले नाही. बंगल्यात तिला दहातले शून्य मिळत होते. बाजारात दहापैकी दहा. घरात, जिथे एका शब्दाची गरज, तिथे पुन्हा शून्य.

तिला घेऊन आम्ही वरळीला गेलो. दाराशी यमुनेचे बोचके बांधून तयार होते. चूल विझलेली नव्हती. जाता जाता सासऱ्यासाठी कालवण करून ठेवले होते पोरीने. चांगुणा भिंतीशी बसली. तिने बोचक्याकडे पाहिले, मग मुलाला कडेवर घेतलेल्या सुनेकडे, आणि तिचे ओठ हलू लागले. घाम फुटला. शब्द नाही.

“बगा, बगा!” यमुना रडत म्हणाली. “तितं सायबाम्होरं गाणी म्हनतं, न् मना ‘ये’ नाय, ‘जा’ नाय. मी काय कुत्रं हाय?”

मी मेंदूचे खण सांगितले. ती ऐकून घेईना. दुखणे असते तर उखाणा कसा आला, हे तिचे म्हणणे, आणि साहेबांचेही तेच होते. माझे शास्त्र दोन्हीकडे तोंडघशी. शेवटी सुचेनासे झाले की मी जे करीत असे तेच केले. सवयीने प्रश्न विचारला.

“यमुनाबाय, तुझ्या नवऱ्याचे नाव काय?”

रडता रडता ती थबकली. “ह्यांचं? तुमाला ठावं हाय की.”

“ठाऊक आहे. तू सांग.”

“अगं बया!” तिने पदर तोंडावर घेतला.

“सांग. इथे कोणी परके नाही.”

तिने तोंड उघडले. ओठ जुळले. मान खाली गेली. पुन्हा वर झाली. नाव तिच्या डोळ्यांत दिसत होते, जिभेच्या टोकावर येऊन उभे होते, आणि बाहेर येत नव्हते. “नाय येत,” ती म्हणाली. “मनात हाय. तोंडातून निगंत नाय.”

“उखाण्यात?”

“उखाण्यात यील की. उखाण्यात समद्यांनाच येतं.”

आपण काय बोललो हे तिला बोलून झाल्यावर ऐकू आले असावे. भिंतीशी बसलेल्या सासूकडे ती बघत राहिली. घामेजलेला चेहरा, जुळलेले ओठ, मागे जाणारा शब्द. हळूच म्हणाली, “म्हंजी आयेला… समदंच मालकाच्या नावावानी झालंय?”

मी या धंद्यात पुष्कळ वर्षे काढली, पुढे पुस्तकेही वाचली. या रोगाचे यापेक्षा नेमके वर्णन मला कुठे मिळाले नाही. मी मान डोलावली.

यमुनेने तान्ह्याला हिराजीकडे दिले. ती चांगुणापुढे उकिडवी बसली आणि म्हणाली, “मंग त्यात काय! आमी नाव घेतल्याबिगर नवऱ्याशी जल्मभर संसार करतंव. आये, मी इचारतं. तू नुसती मान हलव.” ती विचारीत गेली. पाणी? चांगुणाने मान हलवली. यमुनेने पाणी आणले. माझ्यावर राग? मान जोराने आडवी, आणि दोघींच्या डोळ्यांना पाणी. मग भूक? होय. यमुनेने ताट वाढून आणले. चांगुणाने डाव्या हाताने कालवणात बोट बुडवून चाटले, आणि तिच्या भुवया एकदम वर चढल्या. तिने ताट सुनेकडे ढकलले, बोटाने कालवण दाखवले आणि कपाळावर हात मारला.

“मीठ?” यमुना म्हणाली. “कमी हाय?”

मान जोराजोराने आडवी.

“मंग जास्ती? कुटं जास्ती! जरा सुदिक जास्ती नाय! चव गेली आये तुजी!”

चांगुणाने हात नाचवले, यमुनेने आवाज चढवला. बोचके दाराशी तसेच पडले होते, आणि शेजारच्या बायका डोकावू लागल्या. हिराजी नातवाला खांद्यावर टाकून माझ्यापाशी आला. त्याच्या तोंडावर वादळातून होडी किनाऱ्याला लागल्याचे सुख होते.

“चला साहेब, मी तुमाला रस्त्याला लावतं,” तो म्हणाला. “आता काळजी नाय. भांडाया लागल्या.”